मिटल्या डोळ्यांचा साचा

४ फेब्रुवारी

चिमे,

अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला टाकणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल टाक. पण फाडू नकोस, कारण आत तुझ्या कामाची एक गोष्ट आहे आणि ती मी अगदी शेवटी लिहिणार आहे. म्हणजे तुला सगळं वाचावं लागेल. थोरली आहे मी, एवढा कावा मला येतो.

सध्या मुक्काम जंगलात आहे. खरोखरीच्या, वाघ असलेल्या. भुताचा सिनेमा चाललाय आणि आमच्या दिग्दर्शक साहेबांना स्टुडिओतली झाडं चालत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळे वनखात्याच्या जुन्या विश्रामगृहात कोंबलेलो आहोत. माझ्या वाट्याला मागच्या अंगाची खोली आली आहे. भिंतीला खुंट्या आहेत, त्यांवर मी केसांचे टोप टांगते. सकाळी जाग आली की भिंतीवर डोकी लटकल्यासारखी दिसतात. मला त्याची सवय आहे, पण परवा चहा घेऊन आलेल्या आचाऱ्याच्या हातून कपच सुटला. त्याने तो माझ्या नावावर मांडला.

इथले नियम ऐक. एकट्याने कुठे जायचं नाही. वाकून, उकिडवं बसून काम करायचं नाही, वाघाला ते जनावर वाटतं. आणि पाठ सांभाळायची. आमच्या सोबतीला दिलेला वनरक्षक पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, वाघ तोंडावर येत नाही. तुम्ही बघताय हे कळलं की तो बसून राहतो. तुमची मान वळायची वाट बघतो."

साहेबांनी हे आधीच कुठेतरी ऐकलं असणार, कारण गोष्ट त्यावरच बेतलेली आहे. सिनेमातला वाघ साधा नाही. तो एक चेहरा निवडतो आणि तो चेहरा पाठ फिरवेपर्यंत थांबतो. घाई करत नाही. मग गोष्टीतली माणसं डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटे बांधून हिंडतात, म्हणजे त्याला वाटावं की हा माणूस सारखा आपल्याकडे बघतोच आहे. "हे तुम्हाला कुठे मिळालं?" असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी रचलं." वनरक्षक म्हणाला, "इकडे तर असलं काही नाही." तेव्हा रचलेलंच आहे असं धरून चाल.

मेकअपवाली मी, मुखवटे अर्थात माझ्या गळ्यात पडले. केले एकदाचे. चांगले झालेत.

आता तुझ्या कामाची गोष्ट. तू राहतेस त्या घराला मागचं दार आहे का? असेल तर कडी घट्ट बसते का ते बघ. का म्हणून विचारू नकोस. तू तशीही विचारणार नाहीस.

ताई


१७ फेब्रुवारी

चिमे,

उत्तर नाही. मीही काही डोळे लावून बसले नव्हते.

दाराचं असंच लिहिलं असेल असं तुला वाटलं असणार. असंच नव्हतं. तेव्हा लिहायला हात रेटला नाही, आज रेटते. मुखवट्यांना मी तुझा चेहरा वापरलाय.

आधी ऐकून घे, मग चिड. मी सुळेबिळे, बटबटीत डोळे असे चांगले राक्षस केले होते. साहेबांनी एक हातात घेतला आणि म्हणाले, "हा सर्कशीतला झाला. मला माणूस हवाय. आत्ता झोपेतून उठवलेला साधा माणूस." शूटिंग तोंडावर आलेलं. माझ्या ट्रंकेच्या तळाशी आपल्या शिकाऊ दिवसांतला प्लास्टरचा साचा होता. आठवतं का? आपण एकमेकींच्या चेहऱ्यांचे साचे घेतले होते. श्वासाला नाकात कागदाच्या नळ्या, वरून प्लास्टर, आणि तू आतल्या आत हसायला लागलीस म्हणून मी किती करवादले होते. त्यातला तुझा माझ्याकडे राहिला. माझा कुठे गेला कोण जाणे.

साच्यात कागदाचा लगदा दाबून पहिला चेहरा सोडवला आणि मी तो उजेडात धरून बघितला. साच्यात डोळे मिटलेले असतात, तुला माहीतच आहे. इतक्या वर्षांनी तू समोर आलीस आणि तीही डोळे मिटून, म्हटलं हिचा राग अजून गेलेला नाही. मग मी डोळे कोरून उघडले. झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाची भुवईवरची खूण साच्यात उतरलीच नव्हती, तीही हाताने कोरली. उलट हनुवटीखाली एक बारीक खड्डा आला होता. तो काही मला आठवेना. बुडबुडा राहिला असेल असं म्हणून तसाच ठेवला. शिकाऊ काम ते, दुसरं काय.

वनरक्षकाला मुखवट्यांची कल्पना पसंत पडली. त्याने फर्मान काढलं की सेटवर जाता-येता सगळ्यांनीच ते बांधावेत. आता डोळ्यांपुढे आण. आचारी भाजी चिरतोय आणि त्याच्या टाळूमागून तू बघते आहेस. लाइटवाला लंबू शिडीवर चढतोय आणि वरून तू खाली बघते आहेस. ड्रायव्हर जेवायला रांगेत उभे, सगळ्यांच्या मागे तू. मी एकटीच बांधत नाही. आपल्या हाताचं काम आपल्याच डोक्याला बांधायची मला लाज वाटते. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी आवरलं.

कारण दुसऱ्या दिवशी वाघ आला. पहिलं पत्र मी त्यानंतर लिहिलंय, ते आता कबूल करते.

भर दुपार होती. ओढ्यापलीकडे गवतात तो येऊन बसला, मांजर ओट्यावर बसतं तसा. बाहेरचे सगळे थिजले, हे मला नंतर लंबूने सांगितलं. तो कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हता. लंबू हळूच वळला तेव्हा त्याने लंबूच्या मुखवट्याकडे बघितलं. मग आचाऱ्याच्या. मग आणखी एकाच्या. एकेक नीट बघून घेत होता. साहेब खूश, कॅमेरा चालू. मी तंबूत होते, मला काही कळलं नव्हतं. रंगाचा वाडगा घेऊन बाहेर आले, बिनमुखवट्याची, आणि तो उभा राहिला. इतका वेळ बसलेला, माझ्याकडे बघून उभा राहिला. वनरक्षकाने माझा दंड धरला. "मागे मागे या. वळू नका." मी तशीच उलट्या पावलांनी तंबूत शिरले. नंतर त्याने माझी खरडपट्टी काढली, मुखवटा नव्हता म्हणून उठला म्हणाला.

तेव्हापासून तो रोज येतो. कुणाला काही करत नाही. त्याला तो चेहरा हवा आहे असं मला वाटतं. हसशील तर हस. पण त्याने तुझा चेहरा पाठ केलाय आणि हे माझ्यामुळे झालंय.

स्टेशनवर तुला सोडायला आले आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवून निघून गेले, त्याचा तू धरलेला राग मला मान्य आहे. पण "ताई, खोट्या जखमा रंगवायचा कंटाळा आला, मला खऱ्या बांधायच्यात," हे तू चारचौघांत म्हणाली होतीस. माझ्या पोटापाण्याला खोटं म्हणालीस. नर्स व्हायचं होतं तर व्हायचं, मी काय अडवणार होते?

जाऊ दे. कडी बघ.

ताई


२८ फेब्रुवारी

चिमे,

शूटिंग गुंडाळलं. आम्ही आता परतीच्या वाटेवर आहोत. रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये बसून लिहिते आहे. खाली हॉटेलवाला रेडिओ लावून भांडी आपटतोय आणि मला ते फार बरं वाटतंय.

का गुंडाळलं ते ऐक. मुखवटे ठेवायच्या खोलीचं दार एका सकाळी ढकललेलं सापडलं. आतल्या एकाही मुखवट्याला दात लागलेला नव्हता. सगळे खाली काढलेले आणि सगळ्यांवरचा रंग चाटलेला. वाघाची जीभ कानशीसारखी असते, हाडावरचं मांस सोलते. कातडीचा रंग गेला, मी काढलेले डोळे गेले, भुवईवरची ती खूणसुद्धा गेली. खाली नुसते पांढरे चेहरे राहिले होते, साच्यातून निघाले तसे. माझं जे जे होतं ते सगळं त्याने पुसून टाकलं आणि मूळ चेहरा काढून घेतला. एक मुखवटा कमी होता.

वनरक्षक म्हणाला, "इथला प्रत्येक वाघ मी पट्ट्यांवरून ओळखतो. हा आमच्यातला नाही." मग साहेबांना म्हणाला, "तुम्ही तुमच्या गोष्टीचं काय ते बघा." साहेबांनी त्याच दुपारी गाड्या भरायला सांगितलं.

मला वाटलं, सुटलो. पण काल वाटेत एका वीटभट्टीपाशी गाडीत पाणी घालायला थांबलो होतो, आणि आज सकाळी तिथली बातमी मागून आलेल्या ट्रकवाल्याने आणली. आम्ही निघाल्यावर तासाभरात तिथल्या एका बाईला मानेवर गरम श्वास लागला. ती वळली. समोर हा. त्याने तिचा चेहरा बघितला आणि गेला. ओरखडासुद्धा नाही. त्याआधीच्या मुक्कामालाही असंच झालं होतं. नळावर धुणं धुणारी एक पोरगी, मागे श्वास, ती वळली, त्याने बघितलं, गेला. मी त्या दोघींना येताना बघितलं होतं ना, म्हणून सांगते. दोघी आपल्या अंगलटीच्या. मागून कुणीही तू म्हणून हाक मारावी अशा.

तो शोधतोय, चिमे. पाठीमागून येतो, चेहरा बघतो, हा नाही म्हणून सोडून देतो. आणि आमचा हाच रस्ता पुढे स्टुडिओवरून थेट तुझ्या गावाला जातो.

लंबू म्हणतो, "ताई, तो आपल्याच मागे येतोय." मी त्याला म्हटलं, रस्ताच एक आहे तर येणार कुठून? लंबू उंचीला गेला, अक्कल खालीच राहिली.

आता माझं ऐक, एकदाच ऐक, मग पुन्हा आयुष्यभर ऐकू नकोस. मोकळ्या जागेत पाठ करून उभी राहू नकोस. दवाखान्यातून येताना भिंतीच्या कडेने ये. मागे श्वास लागला तर पळू नकोस, वळ आणि बघत राहा. तू बघत असशील तोवर तो काही करणार नाही. घरात मोठा आरसा असेल तर तो दाराच्या समोर लाव.

घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः घाबरले आहे, म्हणून लिहिते.

ताई


६ मार्च

चिमे,

मी घरी पोचले. आपली तीच खोली, स्टुडिओच्या मागच्या गल्लीतली, खाली रंगाचं दुकान असलेली. जिन्याची तिसरी पायरी अजून करकरते. तू गेल्यावर मी दुरुस्त करून घेणार होते, मग म्हटलं कुणी आलं तर कळतं.

काल मी उरलेले सगळे मुखवटे स्टुडिओच्या आवारात जाळले. मग साचा फोडला. हातोडा उचलला आणि हात अडखळला, कारण काही झालं तरी चेहरा तो चेहरा. मिटलेले डोळे, दाबून धरलेले ओठ. बघता बघता मला वाटलं, ही मुलगी मला फारशी माहीतच नाही. तुझ्याबरोबर एका ताटात जेवले, एका पांघरुणात झोपले आणि तुझे मिटलेले डोळे मला परके वाटले. मग रडू आलं आणि त्या रडण्यातच हातोडा घातला.

उपयोग झाला नाही. आज सकाळी दुकानवाल्याची बायको मागच्या नळावर गेली होती, ती धावत वर आली. तिचीही तीच गत. मागे श्वास, वळली, बघितलं, गेला. तो गल्लीत आहे. नेहमी भुंकणारा दुकानातला कुत्रा फळीखाली शिरून बसलाय, बिस्किटालासुद्धा बाहेर येत नाही.

म्हणजे इथून पुढचा मुक्काम तुझाच. हिशेबाचे पैसे ११ तारखेला मिळतील, त्याच रात्रीच्या गाडीने मी निघते. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. रस्त्याकडे तोंड करून बसेन, राखणीला. तू आतून हवी तेवढी कडी लाव.

मला स्वतःची भीती नाही, ते मनात आणू नकोस. त्याचं माझ्याशी काय देणंघेणं? त्याला हवा तो चेहरा माझा नाही. त्या दिवशी तंबूपाशी उठला तेवढंच, आणि ते मुखवटा नव्हता म्हणून. इतक्या वाटेत माझ्या मागे एकदाही श्वास लागला नाही. मी आपली गाडीत पाठ टेकून बसलेली, लॉजमध्ये पाठीला भिंत, इथे आल्यापासून माणसांच्या गराड्यात. आज पहिल्यांदाच निवांत एकटी आहे.

खोलीत उजेड कमी म्हणून टेबल फिरवून घेतलंय. आता खिडकी पाठीशी येते आणि ऊन थेट कागदावर पडतं. मागची गच्ची अगदी खिडकीला लागून आहे, तिथली कबुतरं आत्ता एकदम उडाली. उडेनात का. हे पत्र टाकून आले की उद्यापासून रोज इथेच बसून तुला लिहीत जाणार आहे, निघेपर्यंत. तू वाचत नसलीस तरी.

तुझी आठवण येते. घे, लिहिलं एकदाचं.

ताई


८ मार्च

ताई,

तुझी चारही पत्रं आज सकाळी एकत्र फोडली. पहिली तीन कपाटात तशीच टाकली होती. चौथ्या पाकिटावर तुझ्या रंगाने माखलेल्या बोटांची तांबडी नक्षी उमटलेली होती, पूर्वी माझ्या शाळेच्या डब्यावर उमटायची तशी. ती बघितली आणि राहवलं नाही.

ताई, तो साचा माझा नाही.

माझा साचा मी गाव सोडताना घेऊन आले. तुझ्या ट्रंकेतून न विचारता काढला, रागारागात. तो आत्ता माझ्यासमोर कपाटावर आहे. भुवईवरची टाक्यांची खूण त्यात स्वच्छ उतरलेली आहे. प्लास्टर काहीही सोडत नाही, हे मला तूच शिकवलंस. तुझ्याकडे राहिला तो तुझा. तू स्वतःला कधी डोळे मिटून बघितलेलं नाहीस, ताई. कुणीच बघितलेलं नसतं. म्हणून ती मुलगी तुला परकी वाटली.

हनुवटीखालचा खड्डा बुडबुडा नाही. तो तुझा कांजिण्यांचा व्रण आहे. तुला तो आरशात दिसत नाही. मला दिसायचा, कारण आई कामावर गेली की मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे आणि झोप लागेपर्यंत खालून तोच बघत राहायचे.

आता सगळं पुन्हा वाच. तू बाहेर आलीस तेव्हा तो उठला. मुखवटे चाटून त्याने माझी खूण पुसली आणि तुझा चेहरा ठेवला. ज्या ज्या बाईमागे तो गेला, ती ती तुझ्या थांब्यावरची होती. लंबू खरं बोलत होता. माझ्या गावात कुणाच्या मानेला श्वास लागलेला नाही. इथे कुत्री नेहमीसारखी भुंकतात.

तो माझ्याकडे येत नाहीये. तो तुझ्यापाशी पोचलाय. आणि तुझ्या त्या चेहऱ्याने एकदा पाठ फिरवावी, एवढीच त्याची वाट बघणं चाललंय.

स्टुडिओत फोन लावला, कुणी उचलत नाही. वॉर्डात मी एकटी आहे, दुपारी बदली आली की पहिल्या गाडीने निघते. हे पत्र आत्ता सुटणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. माझ्या हाताने बांधलेला त्याचा पाय आता बरा आहे, तो थेट तुझ्या जिन्यापर्यंत येईन म्हणालाय. माझ्याआधी पोचेल. त्याला सांगितलंय, दार उघडलं नाही तर हाका मारत राहा.

तू लिहिलं आहेस की खिडकी पाठीशी घेऊन बसतेस. ताई, हे वाचत असशील ती तिथेच बसून वाचत असशील. पुढचं वाक्य वाचायच्या आधी वळ.

वळलीस का? आता तशीच बघत राहा. डोळ्यांत पाणी आलं तरी बघत राहा. उठून मागे मागे सरक आणि कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून बस. मी येते आहे. तिसरी पायरी करकरेल, ती मी असेन, दाराकडे मान वळवू नकोस, मी दार ढकलून आत येईन. मग भिंत सोड आणि लहानपणी आई यायची वाट बघत बसायचो तशी माझ्या पाठीला पाठ लाव. तू खिडकी बघ, मी दार बघते.

स्टेशनवर तू वळलीस तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तू दिसेनाशी होईपर्यंत बघत होते, ताई. आजही बघते आहे असं समज. मी पोचेपर्यंत पाठ फिरवू नकोस.

चिमी